बॅले-नर्तकाची घडण आणि त्याची उपजीविका

नृत्य कसे शिकवावे आणि ते शिकवणाऱ्याची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाचीच राजकन्या. दैवयोगाने ती विदिशेच्या अंतःपुरात दासी होऊन येते आणि गणदास नावाच्या आचार्यापाशी नृत्य शिकते. पुढे गणदास आणि हरदत्त या दोन आचार्यांत थोर कोण, असा तंटा उभा राहतो. आणि निवाडा करणारी परिव्राजिका आचार्यांना नाचायला न सांगता त्यांच्या शिष्यांना रंगमंचावर बोलावते. शिक्षकाची पारख शिष्यात होते, हा तिचा निकष. आजच्या विषयातही हा निकष आपल्याला उपयोगी पडेल.

आमचा आजचा विषय आहे बॅले-नर्तक. अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना हा विषय लांबचा वाटेल, हे आम्ही जाणतो. तो निवडण्याचे कारण सांगतो. आपल्या गावांतून आता नृत्याचे वर्ग निघाले आहेत. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा पाहून घरातले मूल म्हणते, 'मला नर्तक व्हायचे आहे'. आणि आईबापांना काय उत्तर द्यावे ते कळत नाही. वेड म्हणून झटकून टाकावे, की पोराला मुंबईच्या गाडीत बसवून द्यावे? या प्रश्नाचा विचार करायला बॅलेइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. कारण नृत्याचा पेशा करायचा तर वयाच्या कोणत्या वर्षी आरंभ करावा, रोज किती तास द्यावेत, बढती कशी मिळते आणि निवृत्ती कधी येते, हे सारे बॅलेच्या जगात साडेतीनशे वर्षांच्या अनुभवाने ठरत आले आहे. या पेशाची किंमत तिथे लपवलेली नाही. ती एकदा नीट वाचता आली, म्हणजे कथ्थक, भरतनाट्यम्, फार काय, चित्रपटातल्या नाचाचाही हिशेब मांडता येतो.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत 'बॅले' हा शब्द आपण नृत्यनाट्य या अर्थी सैलपणे वापरत आलो. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत स्थापन केलेला 'लिटल बॅले ट्रूप' किंवा सचिन शंकर यांचे बॅले युनिट यांच्या खेळांना आपण बॅले म्हटले. पण त्यांची नृत्यभाषा भारतीय होती. आज आम्ही बोलणार आहोत ते युरोपातील अभिजात बॅलेविषयी. इटलीच्या दरबारी करमणुकींत त्याचा उगम झाला आणि फ्रान्समध्ये त्याला शास्त्राचे रूप आले. चौदावा लुई हा राजा स्वतः हौशी नर्तक होता. त्याने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली. पॅरिस ऑपेराचे नृत्यविद्यालय १७१३ चे, आणि रशियात सेंट पीटर्सबर्गचे विद्यालय १७३८ चे. म्हणूनच आजही टोकियोत, हवानात किंवा मुंबईत बॅले शिकवताना शब्द फ्रेंचच उच्चारले जातात. आपल्या कथ्थकाचे बोल जसे भाषेची सीमा ओलांडून चालतात, तसेच हे.

या नृत्याची मूळ कल्पना आपल्या नृत्याच्या उलट दिशेची आहे. आपला नर्तक जमिनीशी बोलतो. कथ्थकाचा ततकार, भरतनाट्यमातील अर्धमंडली, दंडारीतला ठेका किंवा मेळघाटातल्या कोरकूंचे समूहनृत्य घ्या. पाय धरतीवर पडतो आणि धरती त्याला दाद देते. बॅलेचा नर्तक जमीन सोडू पाहतो. उडी मारून उतरताना पावलाचा आवाज झाला, तर तो दोष मानतात. देहाला वजनच नाही असा भास निर्माण करायचा. आणि तो करण्यासाठी लागते ती मात्र विलक्षण ताकद. पाहणाऱ्याला सोपे वाटले पाहिजे, हीच त्यातली अवघड अट.

या सर्वांचा पाया म्हणजे पाय खुब्यातून बाहेर वळवण्याची क्रिया. दोन्ही टाचा एकमेकींना टेकवून पावले उजवी-डावीकडे अशी वळवायची की आदर्श स्थितीत ती एका सरळ रेषेत यावीत. पाय असा वळला, की तो बाजूला आणि मागे पुष्कळ उंच उचलता येतो. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, हे वळण खुब्याच्या सांध्यातून आले पाहिजे. खुबा वळत नाही म्हणून गुडघा किंवा घोटा पिरगाळून पावले सरळ रेषेत आणली, तर दोन-चार वर्षांत गुडघा निकामी होऊ लागतो. खुब्याची ठेवण जन्मजात असते. पण सांध्याभोवतीचे स्नायू आणि बंध लहानपणी वळणदार असतात. शिक्षणाचा आरंभ बालवयात का करावा लागतो, याचे उत्तर येथे मिळते.

वर्ग कसा चालतो ते सांगतो. भिंतीलगत कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडी बसवलेली असते. तिला हलका हात लावून पहिला अर्धाएक तास व्यायाम. आरंभी 'प्लिए', म्हणजे गुडघे बाहेर ठेवून वाकणे; मग 'तांद्यू', म्हणजे पाऊल जमिनीवरून घासत नेऊन टोकापर्यंत ताणणे; मग पायाने जमिनीवर अर्धवर्तुळे काढणे, पुढे पाय उंच उचलणे. एकेक क्रिया उजव्या अंगाने आणि तितकीच डाव्या अंगाने. त्यानंतर दांडी सोडून दालनाच्या मध्यभागी तोल, संथ हालचाली, गिरक्या; आणि शेवटी उड्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. सारा वर्ग सव्वा ते दीड तासाचा. नवशिक्या मुलीचा वर्ग 'प्लिए'ने सुरू होतो, आणि ज्या नर्तकीच्या नावावर तिकिटे खपतात तिचाही दिवस 'प्लिए'नेच सुरू होतो. नामवंत झाल्यावर वर्ग सुटला, असे या पेशात होत नाही. पहाटेचा रियाज सोडला की गळा पहिली खबर देतो, हे गवई जाणतात. येथे ती खबर घोटा देतो.

नर्तकी पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहते, हे बॅलेचे चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. मारी ताग्लिओनी या नर्तकीने १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फिद' या नृत्यनाट्यात या कौशल्याला काव्याचे रूप दिले, आणि तेव्हापासून ते बॅलेचे लक्षण झाले. त्या बुटात लाकूड असते अशी समजूत आहे. ती खरी नाही. कापड आणि कागद यांचे थर खळीने चिकटवून, वाळवून बुटाचे टोक कडक करतात आणि वरून साटिन चढवतात. घामाने आणि दाबाने ते टोक मऊ पडते, की बूट संपला. मोठ्या भूमिकेत एका रात्रीत एक जोडी, क्वचित त्याहून अधिक, खर्ची पडते. मुलींना हे बूट साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देऊ नयेत, आणि तेही आधीच्या काही वर्षांच्या शिक्षणाने पाऊल, घोटा आणि पाठ बळकट झाल्यावरच, असा जाणत्या शिक्षकांचा दंडक आहे. कारण पावलाची हाडे तोवर पुरती घट्ट झालेली नसतात. सहा-सात वर्षांच्या मुलीला कौतुकाने टोकांवर उभे करून छायाचित्र काढणारा वर्ग कोठे दिसला, तर पालकांनी आपल्या मुलीला तेथून काढून घ्यावे. शिक्षक जाणता आहे की नाही, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण.

आता विद्यालयांकडे वळू. सेंट पीटर्सबर्गच्या विद्यालयात मूल दहाव्या वर्षाच्या सुमारास घेतात आणि आठ वर्षे शिकवतात. प्रवेशाच्या वेळी नाच फारसा पाहतच नाहीत. खुबा किती वळतो, पावलाची कमान कशी आहे, पाठ किती लवते, मान-हात-पायांचे प्रमाण कसे आहे, कान तालाला जागा आहे की नाही, हे तपासतात. अर्ज हजारोंनी येतात आणि निवड थोड्यांची होते. या विद्यालयाला आज जिचे नाव आहे ती आग्रिपिना वागानोव्हा स्वतः पहिल्या प्रतीची नर्तकी मानली जायला फार उशीर झाला. पण तिने शिक्षणाची पद्धती बांधली, १९३४ साली ती ग्रंथरूपाने मांडली, आणि तिच्या शिष्यांनी अर्धे जग व्यापले. परिव्राजिकेच्या निकषाला हे उदाहरण किती चपखल लागू पडते! लंडनमध्ये निनेट द व्हालवा या बाईंनी १९२६ साली शाळा काढली. तिचीच पुढे रॉयल बॅले स्कूल झाली. तेथे अकरा ते सोळा वर्षांची मुले रिचमंड पार्कमधील वसतिगृहयुक्त शाळेत राहतात, आणि नंतर तीन वर्षे शहरात ऑपेरागृहाजवळच्या वरच्या शाळेत शिकतात. वरच्या शाळेतून ऑपेरागृहात नेणारा एक पूल रस्त्यावरून जातो. त्याला नावच 'आकांक्षेचा पूल' असे आहे.

त्या पुलावरून पलीकडे थोडीच मुले जातात, हेही सांगितले पाहिजे. अशा विद्यालयांत दरवर्षी मुलांचे मूल्यमापन करण्याची आणि उंची वाढली, सांधे आवळले किंवा प्रगती खुंटली अशा मुलांना निरोप देण्याची प्रथा वर्षानुवर्षे होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'तुझा देह या कामाचा नाही' असे सांगणे निष्ठुर वाटते. पण खोटी आशा दाखवून विसाव्या वर्षी सांगणे त्याहून निष्ठुर. या विद्यालयांकडून आपण घेण्यासारखी एक गोष्ट अशी की, तेथे नृत्याबरोबर भाषा, गणित, इतिहास हे शालेय शिक्षणही चालते. निरोप मिळालेले मूल अडाणी राहून घरी परतत नाही.

नियमाला अपवाद असतात आणि ते सांगायलाच हवेत. रुडॉल्फ नुरेयेव्ह हा या शतकातल्या नव्हे, गेल्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या नर्तकांपैकी एक. तो लेनिनग्राडच्या विद्यालयात १९५५ साली आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, म्हणजे सात वर्षे उशिरा. पण त्याआधी आपल्या उफा गावी तो लहानपणापासून लोकनृत्ये नाचत होता; त्याचे अंग कोरे नव्हते. अपवादाकडे पाहताना त्याची पूर्वतयारी पाहावी. केवळ त्याचे वय पाहून आपल्या मुलाला धीर देऊ नये.

विद्यालय संपले की नर्तक एखाद्या मंडळात नोकरी शोधतो. मंडळात पायऱ्या असतात. पॅरिस ऑपेरात खालून वर 'काद्री', 'कोरिफे', 'स्युजे', 'प्रमिए दांसर' आणि शिखरावर 'एत्वाल' म्हणजे तारा, अशा पाच पायऱ्या आहेत. बहुसंख्य नर्तक आयुष्यभर समूहातच नाचतात. 'हंससरोवर' या प्रसिद्ध नृत्यनाट्यात चोवीसएक हंसिणी एका श्वासात मान वळवतात. त्यांतील एकीची मान वेगळी वळली तर सारे चित्र बिघडते. तेथे आपण वेगळे दिसू नये, हेच कौशल्य. घरचे लोक तिकीट काढून आले तरी आपली मुलगी कोणती, हे त्यांना दुर्बिणीतून शोधावे लागते. पोटाला भाकर मिळते ती या समूहातल्या जागेवर, आणि जो हे मान्य करील त्याने या पेशात पडावे. आपल्याकडे मुलाला नर्तक करू पाहणारा पालक बहुधा ताऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. त्याने हंसिणींच्या रांगेकडे पाहून निर्णय घ्यावा.

मंडळातला दिवस सकाळच्या वर्गाने सुरू होतो. मग दुपारभर तालमी. एकाच वेळी दोन-तीन नृत्यनाट्यांच्या. संध्याकाळी प्रयोग असला तर वेशभूषा, रंगरंगोटी, पुन्हा अंग ऊन करणे, आणि रात्री दहा-साडेदहाला सुटका. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ती दांडी. मोठी सरकारी मंडळे सोडली तर नेमणुका वर्षाच्या किंवा हंगामाच्या कराराने असतात. घोटा मुरगळणे, पावलाच्या हाडाला चीर जाणे, टाचेवरची शीर दुखावणे, खुबा झिजणे हे या धंद्यातले रोजचे दुखणे. त्याहून छुपे दुखणे बारीक राहण्याच्या सक्तीचे. त्यापायी मुली उपाशी राहतात, त्यांची मासिक पाळी थांबते आणि ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होतात. हे आता वैद्यांनी वारंवार दाखवून दिले आहे, आणि चांगल्या विद्यालयांतून आहारतज्ज्ञ व वैद्यकीय देखरेख ठेवली जाते. आमच्या भगिनींनी मुलीला बारीक राहण्याचा उपदेश करणाऱ्या शिक्षकाविषयी सावध असावे.

आणि मग शेवट लवकर येतो. साधारण पस्तीस ते चाळीस या वयात बहुतेकांचे नाचणे थांबते. मार्गो फाँटेनसारखी एखादी नर्तकी १९६२ साली बेचाळिसाव्या वर्षी नुरेयेव्हबरोबर नवे पर्व सुरू करते. पण तो अपवादच. पॅरिस ऑपेरात निवृत्तीचे वय बेचाळीस असून निवृत्तिवेतनाची व्यवस्था चौदाव्या लुईच्या काळापासून चालत आली आहे. २०१९ साली सरकारने ती बदलण्याचे ठरवले, तेव्हा तेथील नर्तकींनी नाताळच्या आदल्या दिवशी थंडीत ऑपेरागृहाच्या पायऱ्यांवर 'हंससरोवरा'तील नृत्य करून निषेध नोंदवला. ज्यांना साठीपर्यंत नाचता येणार नाही, त्यांना साठीचा नियम लावू नका, इतकेच त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडात नर्तकांना दुसरा व्यवसाय शिकण्यासाठी मदत करणारी संस्था १९७० नंतरच्या दशकापासून काम करीत आहे. निवृत्त नर्तक शिक्षक होतात, नृत्यरचना करतात, शरीरोपचाराचे शास्त्र शिकतात, किंवा सर्वस्वी निराळ्या धंद्यात जातात. ज्या समाजाने नर्तकाच्या चाळिशीनंतरचा विचार केला, तेथेच हा पेशा म्हणून टिकला.

आता आपल्या देशाकडे येऊ. आना पाव्हलोव्हा हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ती सेंट पीटर्सबर्गच्या एका धुणे धुणाऱ्या बाईची मुलगी. पहिल्या खेपेला अशक्त आणि लहान म्हणून तिला विद्यालयाने नाकारले. १८९१ साली, दहाव्या वर्षी, प्रवेश मिळाला. शिक्षण सरकारी खर्चाने झाले नसते, तर ती धुणीच धूत राहिली असती. १९२२ साली ती भारतात आली. पुढच्याच वर्षी तिने लंडनमध्ये अजिंठ्याच्या चित्रांवरून सुचलेले एक नृत्यनाट्य सादर केले. बुलढाण्याच्या घाटापलीकडची ती लेणी. आपण तेथे सहलीला जातो, आणि त्यांतून नृत्य घडवले ते रशियातून आलेल्या बाईने! त्याच वर्षी तिच्याबरोबर राधाकृष्णाच्या नृत्यात कृष्ण झाले होते तरुण उदयशंकर. पुढे १९२८-२९ च्या सुमारास ती पुन्हा पूर्वेकडे आली, तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना तिच्या सहवासात नृत्याची गोडी लागली, आणि आपल्या मातीतले नृत्य शोधण्याचा सल्लाही तिनेच दिला. लीला सोखी, म्हणजेच मेनकाबाई, यांनाही तिच्याकडून उत्तेजन मिळाले.

मेनकाबाईंनी कथ्थकाला रंगमंचीय नृत्यनाट्याचे रूप दिले, स्वतःचे मंडळ उभारले आणि खंडाळ्याला नृत्यालय काढले. त्यांनी बसवलेल्या नृत्यनाट्यांत 'मालविकाग्निमित्र'ही होते. आपली विदर्भकन्या अशी पुन्हा रंगमंचावर आली. १९३६ च्या उन्हाळ्यात बर्लिनला ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली. तेथे मेनकाबाईंच्या मंडळाने नाव मिळवले. आणि त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये, अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डी आणि आपले देशी व्यायामप्रकार जगाला दाखवले. राजवट हिटलरची होती, हे विसरता येत नाही. पण खंडाळ्याच्या वाटेवरचे नृत्य आणि अमरावतीच्या आखाड्यातली कसरत एकाच वर्षी एकाच गावी जगापुढे गेली, ही गोष्ट वऱ्हाडाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मेनकाबाईंच्या या मंडळात एक मराठी मुलगी लहानाची मोठी झाली. ती दमयंती जोशी. मुंबईत १९२८ साली जन्मलेल्या या मुलीला सोखी दांपत्याने आपल्या घरात वाढवले. तिच्या आईनेही तिची साथ सोडली नाही. बालपणापासून रोजची तालीम, मंडळाबरोबर युरोपचे दौरे, पुढे लखनौ घराण्यातल्या अच्छन महाराज, लच्छू महाराज, शंभू महाराज अशा गुरूंकडे शिक्षण, मग स्वतंत्र कीर्ती, १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मश्री. आणि नाचण्याबरोबर शिकवणेही. नृत्यप्रकार बॅले नव्हता. पण बालवयातला आरंभ, मंडळातले वाढणे, जाणते शिक्षक, आणि शेवटी स्वतः शिक्षक होणे, ही साखळी तीच. ती एका घराच्या आश्रयामुळे जुळली. असे घर लाखांत एका मुलीला मिळते; विद्यालय असते तर शेकडोंना मिळाले असते.

अभिजात बॅलेचे शिक्षण मुंबईत तुष्णा दल्लास यांनी १९६६ पासून नेटाने दिले. अलीकडच्या काळात येहुदा माओर या इस्राएली-अमेरिकन शिक्षकाने मुंबईतील दोन गरीब घरांतल्या मुलांना घडवले. अमीरुद्दीन शहा हा वेल्डिंगचे काम करणाऱ्याचा मुलगा. २०१७ साली त्याला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. दुसरा मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा. तो अमेरिकेत पोर्टलंड येथील ऑरेगन बॅले थिएटरमध्ये पुढील शिक्षणास गेला. त्यांच्यावर 'ये बॅले' नावाचा चित्रपट २०२० साली निघाला आणि मनीषने त्यात स्वतःचीच भूमिका केली. दोघेही आधी रस्त्यावरच्या कसरतवजा नाचात तरबेज होते. अमीरुद्दीन लहान वयात शिक्षकाच्या हाती लागला, म्हणून त्याला थेट विद्यालयाचे दार उघडले. मनीष विशीच्या आसपास दांडीशी उभा राहिला. त्याला तीच मजल दुप्पट कष्टाने आणि अरुंद वाटेने गाठावी लागली. गुण दोघांत होता. वेळेवर भेटलेला शिक्षक ही एकाची जमेची बाजू ठरली.

यातून आमचे म्हणणे स्पष्ट होते. वऱ्हाडात गुणाचा तुटवडा नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मल्लखांबावर जे पोरगे उलटे लटकून एका पायाच्या आढीवर देह तोलून धरते, त्याच्या अंगी बॅलेला लागणारे अर्धे भांडवल आहे: तोल, लवचीकपणा, पकड, आणि रोज येण्याची सवय. १९१४ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने शंभराहून अधिक वर्षांत एक गोष्ट सिद्ध केली. संस्था टिकली की एका मुलाचे कौशल्य दुसऱ्यात उतरत राहते. नृत्याच्या बाजूला आपल्याकडे हे घडले नाही. हौस आहे, स्नेहसंमेलने आहेत, बक्षिसे आहेत. दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत एका मुलाला रोज हाताखाली घेणारी, त्याची शाळा न बुडवणारी, आणि वेळ आली तर 'हा मार्ग तुझा नाही' असे प्रेमाने सांगणारी व्यवस्था नाही.

ती एकदम उभी राहणार नाही. परंतु काही गोष्टी आजही हातात आहेत. नृत्यवर्गाची जमीन पाहा. फरशीवर किंवा सिमेंटवर रोज उड्या मारल्या तर नडगी आणि गुडघा यांची वाट लागते. बॅलेच्या दालनात लाकडी तक्तपोशी खाली पोकळी ठेवून बसवतात, म्हणजे ती किंचित दबते. आपल्या आखाड्यातली उकरलेली लाल माती हेच काम करते. पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होते. शिक्षक कोणाकडे किती वर्षे शिकला ते विचारा, आणि त्याच्याजवळ चार-पाच वर्षे टिकलेले शिष्य पाहा. भिंतीवरची प्रशस्तिपत्रे पाहू नका. मुलाचे शालेय शिक्षण सोडवू नका. मुलगा नाचतो म्हणून त्याला हसू नका. उड्या आणि जोडीदारणीला उचलून धरणे यांसाठी जे बळ लागते, ते तालमीतल्या पैलवानालाही विचार करायला लावील. आणि मूल खरोखरच पुढे निघाले, तर त्याला सारा हिशेब आधीच सांगा: आठ-दहा वर्षांचे शिक्षण, पंधरा-वीस वर्षांचा पेशा, आणि चाळिशीत दुसरा आरंभ.

या हिशेबाने काही आईबाप माघार घेतील. तेही चुकीचे नाही. जे पुढे जातील ते डोळे उघडे ठेवून जातील. आणि त्यांच्या मुलांपैकी एखादे जग पाहून चाळिशीत अमरावतीला किंवा अकोल्याला परत आले, तर त्याच्यासाठी एक लाकडी जमीन, एक दांडी आणि शिकायला उभी असलेली दहा मुले तयार ठेवणे, हे आपले गावकऱ्यांचे काम आहे.